घडीचं जनुक

ओजस वारकेचं रक्त मी पहिल्यांदा घेतलं ते २०४३ च्या जानेवारीत. वीज कंपनीच्या लोकांची वार्षिक तपासणी आमच्या लॅबमध्ये होत असे. त्या सकाळी तेवीस जण रांगेत होते आणि आम्ही रक्त घेणाऱ्या तिघी. ओजस दोघींना ओलांडून मुद्दाम माझ्यासमोर येऊन बसला, बाही वर सरकवली आणि हसून म्हणाला, "काकू, घरचं माणूस असताना दुसऱ्याकडे कशाला जाऊ?"

घरचं माणूस. अजून काही ठरलं नव्हतं. माझी मुलगी ईश्वरी केळीच्या टिश्यू कल्चर रोपवाटिकेत काम करते. तिथली वीज एकदा तीन तास गेली आणि चाळीस हजार कोवळी रोपं मरायच्या बेतात आली, तेव्हा खांबावर चढून लाइन जोडून देणारा हा मुलगा. दिवाळीत ईश्वरीनं मला त्याचं नाव सांगितलं. नंतर तो दोनदा घरी जेवून गेला. शेवभाजी दोनदा मागून घेतली आणि जेवण झाल्यावर आपलं ताट आपण घासायला लागला. नाव ठेवायला जागा नव्हती.

नियमाप्रमाणे दोन नळ्या भरायच्या असतात. मी तीन भरल्या.

मी हर्षदा भंगाळे. जळगावच्या या लॅबमध्ये मला सव्वीस वर्षं झाली होती. ईश्वरी सहावीत असताना तिच्या बाबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यानंतर आठ वर्षं ते पलंगावर होते. त्यांना कुशीवर वळवणं, भरवणं, त्यांचं सगळं करणं, हे मी केलं, आणि शाळेतून आल्यावर ईश्वरीनंही केलं. बारावीची परीक्षा तिनं त्यांच्या उशाशी बसून अभ्यास करून दिली. ते गेल्यावर मी मनाशी एकच ठरवलं होतं, माझ्या मुलीच्या वाट्याला हे पुन्हा येऊ द्यायचं नाही. तिसरी नळी भरताना माझ्या डोक्यात हेच होतं. हे मी सबब म्हणून सांगत नाही. हेच होतं म्हणून सांगते.

आता त्या तपासणीबद्दल सांगायला हवं.

आपल्या शरीरातलं बहुतेक सगळं काम प्रथिनं करतात. प्रथिन म्हणजे एक लांब साखळी, पण ती नुसती लांब पडून राहिली तर काही कामाची नाही. तिची ठरावीक घडी बसावी लागते. घडी बरोबर बसली की ती प्राणवायू वाहून नेते, स्नायू आखडते, अन्न पचवते. घडी चुकली किंवा उलगडली की तीच साखळी दुसऱ्या उलगडलेल्या साखळ्यांना चिकटते आणि पेशीत गुठळ्या होतात. घडीचा सगळ्यांत मोठा शत्रू म्हणजे उष्णता. अंडं उकडलं की आतला पातळ भाग पांढरा घट्ट होतो आणि गार केलं तरी पुन्हा पातळ होत नाही. ती प्रथिनांच्या घड्या मोडून झालेली गुठळीच असते.

आपण उन्हात उकडून निघत नाही, कारण पेशीत या कामासाठी वेगळी प्रथिनं असतात. त्यांना सोबती प्रथिनं म्हणतात. ताप चढला, ऊन वाढलं की पेशी ती भराभर तयार करते. उलगडू लागलेल्या साखळीला ती धरून ठेवतात, दुसऱ्या साखळीला चिकटू देत नाहीत आणि उष्णता उतरली की तिची घडी परत बसू देतात. यांपैकी एका सोबत्याचं जनुक काही वर्षांपूर्वी नीट समजलं. त्याचं खरं नाव अक्षरं आणि आकडे मिळून बनलेलं आहे, पण लॅबमध्ये आम्ही त्याला घडीचं जनुक म्हणायला लागलो. शंभरातल्या एखाद्या माणसात त्याची एक प्रत सदोष असते. आई किंवा वडील, कोणाही एकाकडून ती येते आणि एकच पुरते, कारण हे सोबती गटानं काम करतात आणि गटात काही जण बिघडलेले असले की अख्खा गट सैल पडतो.

अशा माणसाला एरवी काही होत नाही. तो धावतो, खेळतो, खांबावर चढतो. पण सेहेचाळीस-सत्तेचाळीस अंशांच्या उन्हात कष्टाचं काम केलं, तर त्याच्या स्नायूंतल्या घड्या एकाएकी कोसळतात. त्यातून वाचला तरी पन्नाशीनंतर पाय अधू होण्याची भीती असते, कारण पायापर्यंत जाणाऱ्या मज्जापेशी शरीरात सगळ्यांत लांब आणि त्यांना या सोबत्याची गरज जास्त.

यावर गोळी होती. फेब्रुवारी ते जून रोज एक घ्यायची, म्हणजे शरीरातले दुसरे सोबती जागे होतात. पायांचं दुखणंही त्यानं पुष्कळ लांबतं. मात्र ती सरसकट सगळ्यांना देता येत नाही. कॅन्सरच्या पेशीही याच सोबत्यांच्या आधारानं तगतात, म्हणून गरज नसलेल्यानं ती घेऊ नये. आधी तपासणी, मग गोळी.

आणि तपासणीला कायद्याचं कुंपण होतं. माणसाच्या लेखी संमतीशिवाय कोणाचं जनुक तपासायचं नाही, नोकरीसाठी मागायचं नाही, लग्नासाठी तर नाहीच. हे कलम आमच्या लॅबच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलेलं होतं. माझ्या टेबलाच्या बरोबर समोर.

ओजसचे वडील तो नऊ वर्षांचा असताना शेतात ऊन लागून गेले, हे त्यानं दुसऱ्यांदा जेवायला आला तेव्हा सहज सांगितलं होतं. ऐकल्याबरोबर माझा हात पोळीवरच थांबला होता.

दुपारी सगळ्या जेवायला गेल्यावर मी तिसरी नळी यंत्रात घातली. यंत्र नीट चालतं का हे पाहण्यासाठी जे नमुने लावतात, त्यांतल्या एकाचा क्रमांक तिला दिला. निकाल आला. एक प्रत चांगली, एक सदोष.

मी कागद छापून घेतला, यंत्रातली नोंद पुसली, कागद घडी करून माझ्या कपाटात ठेवला आणि हात धुतले.

*

त्याच संध्याकाळी मी ईश्वरीला म्हणाले, "ओजसचं पुढे नेऊ नकोस."

ती भाजी निवडत होती. "का गं? काय झालं?"

"आज त्यांच्या लोकांची तपासणी होती. काही गोष्टी कळतात आम्हाला. मला सांगता येत नाही, तुला माहीत आहे. पण मी तुझी आई आहे. माझं ऐक."

"म्हणजे आजार आहे त्याला?"

"मला सांगता येत नाही, ईशू."

ज्या नियमाला मी दुपारी पायदळी तुडवलं होतं, त्याच नियमाआड मी संध्याकाळी लपले. आणि मला माहीत होतं की न सांगितलेली गोष्ट सांगितलेल्या गोष्टीपेक्षा भयंकर वाटते. ईश्वरीनं निवडलेली आणि न निवडलेली भाजी एकत्र केली आणि उठून आत गेली.

आठवडाभर ती त्याचे फोन घेत नव्हती. मग एक दिवस घेतला आणि चार वाक्यांत संपवलं. कारण सांगितलं नाही. माझ्या नोकरीवर गदा येऊ नये म्हणून.

फेब्रुवारीच्या शेवटी ओजस लॅबमध्ये आला. मी नमुन्यांवर चिठ्ठ्या लावत होते. तो समोर उभा राहिला. हेल्मेट हातात.

"काकू, दोनच मिनिटं. माझं काय चुकलं, तेवढं सांगा. मी तिला त्रास देणार नाही. पण कळल्याशिवाय झोप लागत नाही मला."

मी म्हणाले, "पत्रिका जुळली नाही रे."

"पत्रिका?" तो माझ्याकडे बघत राहिला. "तुम्ही पत्रिका बघता?"

"आमच्या घरात बघतात."

त्यानं मान हलवली. राग आल्यासारखी नाही, एखादं यंत्र उघडून बघावं आणि आतला बिघाड सापडू नये, तशी. "बरं," म्हणाला. "काळजी घ्या," असंही म्हणाला, आणि गेला.

त्या दोन मिनिटांत मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, "ओजस, तुझे वडील उन्हानं गेले ना? घडीची तपासणी करून घे बाबा." एवढ्यानं माझं बिंग फुटलं नसतं. लॅबमधली बाई असा सल्ला कोणालाही देऊ शकते. पण मला वाटलं, आत्ता हे म्हटलं तर तो दुवा जोडेल. लग्न मोडलं आणि लगेच तपासणी कर म्हणते, म्हणजे हिला काही माहीत आहे. तो हुशार होता. म्हणून मी गप्प बसले. गोळी सुरू करायचा तोच महिना होता.

*

मे महिन्यात सतत नऊ दिवस पारा सत्तेचाळिसाच्या वर राहिला. अकरा ते साडेचार बाहेर काम करायला सरकारनं बंदी घातली होती, फक्त पाणी, वीज आणि दवाखाने वगळून. पंखे, कूलर, एसी यांनी रोहित्रं, म्हणजे खांबांवरचे ट्रान्सफॉर्मर, तापून जळत होती आणि ती बदलायला माणसं भर दुपारी खांबांवर चढत होती.

एकोणीस तारखेला दुपारी पावणेतीनला हॉस्पिटलमधून नमुन्यांची पेटी आली. ऊन लागलेल्या रुग्णांचेच होते सगळे. चौथ्या नळीवर नाव होतं, ओजस दिनकर वारके, वय सत्तावीस.

मी त्याची नळी आधी लावली. स्नायू फुटले की त्यांतलं एक द्रव्य रक्तात येतं. ते दोनशेच्या आत असावं लागतं. त्याचं ऐंशी हजारांच्या वर होतं. मी डॉ. समीना तडवींना फोन लावला. अतिदक्षता विभाग त्या बघत होत्या.

"यावल रस्त्याला रोहित्राचं काम करताना कोसळला," त्या भरभर बोलत होत्या. "ताप बेचाळीस. बर्फात ठेवलंय, सलाईन चालू आहे. पण लघवी काळी येतेय आणि पाय हलत नाहीत. इतक्या तरण्या मुलाचं इतकं का होतंय, कळत नाही. माझ्याकडे असे एकोणीस आहेत, ताई."

मला कळत होतं. अशा रुग्णासाठी एक इंजेक्शन होतं. शरीरातले उरलेले सोबती ते एकदम कामाला लावतं. पण ज्याचं जनुक धड आहे त्याच्या हृदयाला ते झेपत नाही, म्हणून जनुकाचा अहवाल हातात असल्याशिवाय डॉक्टर ते देत नाहीत. अहवाल माझ्या कपाटात होता. माझ्यापासून सात-आठ पावलांवर.

मला म्हणायचं होतं, "डॉक्टर, त्याचं घडीचं जनुक सदोष आहे. माझ्याकडे कागद आहे. इंजेक्शन द्या."

मी म्हणाले, "डॉक्टर, घडीची तपासणी करून बघू का?"

"अहो, हो! करा, ताई, लगेच करा. मला सुचलंच नाही. संमती?"

"त्याच्या आईकडून घेते."

ज्योत्स्नाताई वारके हॉस्पिटलच्या जिन्यात बसलेल्या होत्या. फोनवर त्या म्हणाल्या, "काय हवं ते करा, हर्षदाताई. मला विचारू नका. फक्त करा."

मी फोनवरच्या संमतीचा अर्ज भरला. वेळ टाकली, दोन वाजून अठ्ठावन्न मिनिटं. नमुना यंत्रात घातला. या तपासणीला चाळीस मिनिटं लागतात.

जे मला माहीत होतं, तेच पुन्हा कळावं म्हणून मी चाळीस मिनिटं थांबले. तारीख आजची असावी, अर्जावर संमती असावी आणि तुम्हाला हे कसं कळलं असं मला कोणी विचारू नये, एवढ्यासाठी. पडद्यावरचा आकडा कमी होत होता. अठ्ठावीस. एकवीस. मी टेबल पुसलं. नळ्या क्रमानं लावल्या. कोणीतरी चहा आणून ठेवला आणि मी तो प्यायले. सगळं विसरता येईल असं कधीकधी वाटतं. तो चहा मी प्यायले, हे विसरता येत नाही. दोनदा उठून कपाटापाशी गेले, दुसऱ्यांदा किल्ली लावली, आणि परत येऊन बसले.

तीन अडतीसला निकाल आला. एक प्रत चांगली, एक सदोष. मी धावत फोन केला. धावत, हे खरं आहे. आता धावण्यात काही धोका नव्हता.

*

ओजस वाचला. चार दिवसांनी मूत्रपिंडं चालू झाली. आठव्या दिवशी उजवा पाय हलला. डावा पाय घोट्यापासून खाली हलला नाही. नंतरही नाही.

मी डॉ. तडवींना विचारलं, "इंजेक्शन अर्धा-पाऊण तास आधी मिळालं असतं तर?"

"असं सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "त्या अवस्थेत दर मिनिटाला पेशी मरत असतात, एवढं खरं. पण तुम्ही असं का विचारता? तुम्ही तर मिनिटं वाचवलीत. तुम्ही नसतात तर मी संध्याकाळपर्यंत नुसता बर्फ लावत बसले असते." त्यांनी माझ्याबद्दल लॅबच्या मालकांना पत्र लिहिलं. मालकांनी ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. टाळ्या वाजल्या. भिंतीवरचं कलम मला समोर दिसत होतं.

जूनमध्ये ज्योत्स्नाताई घरी आल्या. सुती साडी, केस घाईनं बांधलेले, हातात डबा. कळण्याची भाकरी आणि भरीत. "तुम्हाला आवडतं, असं ओजस कधीतरी म्हणाला होता," त्या म्हणाल्या. मग डबा खाली ठेवून त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि ते आपल्या कपाळाला लावले. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी बाई.

"लग्न जुळलं नाही, ते जाऊ द्या. कोणाच्या हातात असतं? पण त्या दिवशी तुम्ही होतात. ओजसचे बाबा गेले तेव्हा वेळेवर कोणी नव्हतं, ताई. सगळे म्हणाले, तुझं नशीब. या वेळी कोणीतरी होतं."

ईश्वरी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. त्या गेल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. कितीतरी महिन्यांनी. काही वेळानं म्हणाली, "आई, ओजसला मे महिन्यात जे निघालं, ते जनुक. मग जानेवारीत तुला जे कळलं होतं, ते काय होतं?"

अजूनही एक खोटं बोलता आलं असतं. कावीळ, साखर, काहीही. मी तोंड उघडलं आणि ते खोटं आलं नाही, एवढंच.

"तेच," मी म्हणाले. "मी त्याला न विचारता तपासलं."

ती माझ्याकडे बघत होती, पण तिचे डोळे काहीतरी मागचं मोजत होते.

"तुला माहीत आहे, मी त्याच्याबद्दल काय समजले? तू सांगता येत नाही म्हणालीस. मला वाटलं, त्याला बाहेरून काहीतरी लागलं असेल. बायकांकडून." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "मी नाशिकला जाऊन स्वतःची तपासणी केली, आई. दोनदा. तिथे सगळ्यांत शेवटच्या खुर्चीवर तोंड झाकून बसले होते. ज्या मुलानं मला कधी फसवलं नाही, त्याच्या नावानं मी ते दोन्ही दिवस शिव्या दिल्या."

"ईशू…"

"आणि त्यानं एक गोळी घ्यायची होती. रोज एक. एवढंच ना?"

"एवढंच."

दुसऱ्या दिवशी ती ओजसला भेटायला गेली आणि सगळं सांगून आली. त्या आठवड्यात तिनं रोपवाटिकेच्या आवारातली खोली घेतली. सामान न्यायला टेम्पो आला तेव्हा मी मदतीला पुढे झाले. ती म्हणाली, "राहू दे, मी उचलते." तिच्या बाबांना उचलताना आम्ही दोघी एका सुरात "एक, दोन, तीन" म्हणायचो. कपाट उचलताना तिनं टेम्पोवाल्याबरोबर मोजलं.

*

ओजसनं मला बोलावलं ते ऑगस्टमध्ये. पायाला आधाराची पट्टी लावून तो घराच्या ओसरीवर बसला होता. कंपनीनं त्याला कार्यालयात टेबलावरचं काम दिलं होतं. समोर खुर्ची होती, पण बसा म्हणाला नाही. मी उभी राहिले.

"ईश्वरीनं सांगितलं," तो म्हणाला. "मला एक गोष्ट जुळत नाही. तुम्हाला जानेवारीपासून माहीत होतं. मग त्या दिवशी तपासणी परत का केलीत?"

ईश्वरीला हा प्रश्न सुचला नव्हता. डॉक्टरांना सुचायचं कारणच नव्हतं. बिघाड शोधणं हे ज्याचं काम, त्याला सुचला.

मी सांगितलं. कपाट, कागद, अर्जावरची वेळ, सगळं. चहासुद्धा.

त्यानं वाकून पायाची पट्टी सैल करून पुन्हा बांधली. आत कुकरच्या शिट्ट्या होत होत्या.

"किती मिनिटं?"

"चाळीस."

"वरती असताना आम्ही सेकंद मोजतो, काकू," तो म्हणाला.

मी पिशवीतून कागद काढला. "मी सगळं लिहून आणलंय. तुझी सही लागेल. तक्रार केलीस की माझा परवाना जाईल, खटला होईल. मी काही नाकारणार नाही."

त्यानं कागद घेतला, वाचला आणि घडी करून खिशात ठेवला. "तक्रार माझी आहे ना कायद्यानं? मग कधी करायची ते मी ठरवीन. तुम्हाला हलकं वाटावं म्हणून आज करणार नाही."

"मग तुझ्या आईला तरी सांगू दे. त्या माझ्या पाया पडायच्या बाकी आहेत."

"नाही." आता तो पहिल्यांदा जोरात बोलला, आणि लगेच आतल्या खोलीकडे बघून आवाज खाली आणला. "या वेळी कोणीतरी होतं, या एका गोष्टीवर ती उभी आहे. रोज कोणालातरी सांगते. ती गोष्ट तुम्ही तिच्याकडून काढून घ्यायची नाही. तुम्हाला ऐकवत नसेल, तरी ऐकायची."

तेवढ्यात ज्योत्स्नाताई बाहेर आल्या. "अरे, ताईंना उभं काय ठेवलंस!" म्हणून त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मला बसावं लागलं.

निघताना ओजस फाटकापर्यंत आला, पाय ओढत. "आमच्या विभागात चौदाशे माणसं उन्हात काम करतात. त्यांतल्या चौदा-पंधरा जणांचं माझ्यासारखं असणार. फेब्रुवारीच्या आत ती शोधा. विचारून, सही घेऊन." आणि मग, "मला भेटायला येऊ नका."

*

आता तेच चालू आहे. लॅबच्या मालकांना ही शिबिरं पसंत पडली. डॉ. तडवींच्या पत्रामुळे माझं नाव झालंच होतं. दर शनिवार-रविवारी आम्ही वीज कंपनीच्या वसाहतींमध्ये आणि मग वीटभट्ट्यांवर, केळी भरणाऱ्यांच्या वस्त्यांवर जातो. आतापर्यंत अकराशे लोक झाले, तेरा जण सापडले. त्यांत ओजसची धाकटी बहीणही आहे. तिची गोळी या महिन्यात सुरू झाली. ईश्वरी कधी त्यांच्या घरी जाते का, मला माहीत नाही. मी विचारत नाही. माझा तो हक्क राहिलेला नाही.

लोक सहजासहजी हात पुढे करत नाहीत. काही निघालं तर नोकरी जाईल, मुलीचं लग्न मोडेल, असं म्हणतात. त्यांचं खोटं आहे असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? तेव्हा ज्योत्स्नाताई पुढे होतात. त्या दर शिबिराला येतात, स्वतःहून. पदर खोचून दारोदार जातात आणि ओजसची गोष्ट सांगतात. मी शेजारी थंड पेटी धरून उभी असते.

गेल्या रविवारी फैजपूरच्या बाजूला एका वीटभट्टीवर होतो. पन्नाशीचा एक माणूस काही केल्या तयार होईना. त्याची बायको दारात उभी होती. ज्योत्स्नाताई जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि सुरू झाल्या. मुलगा कसा पडला, ताप किती, लघवी कशी काळी. "तिथे एवढे डॉक्टर होते, पण ओळखलं या बाईंनी. नुसतं रक्त बघून. ह्या नसत्या तर आज माझा मुलगा नसता."

माणसानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "खरंच का हो, ताई? लगेच कळलं तुम्हाला?"

"लगेच नाही," मी म्हणाले. "चाळीस मिनिटं गेली."

"बघा!" ज्योत्स्नाताई अभिमानानं त्याच्याकडे वळल्या. "चाळीसच मिनिटं!"

तो हसला, बायकोकडे बघितलं आणि विटांची लाल धूळ शर्टाला पुसून त्यानं हात माझ्यासमोर धरला. मी आधी संमतीचा कागद काढला आणि त्याला पहिल्या ओळीपासून वाचून दाखवायला सुरुवात केली.